तक्रार करणाऱ्या नर्सचा 'ईक्यू' कमी नसतो

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. ती एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, नोकरीचं चौथं वर्ष. "मावशी, माझा ईक्यू खरंच कमी आहे का गं?" एवढं विचारलं आणि तिचा आवाज भरून आला. ईक्यू म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, आपल्या आणि दुसऱ्यांच्या भावना ओळखण्या-हाताळण्याची क्षमता. वॉर्डच्या ग्रुपवर इन्चार्ज सिस्टरनी टाकलेला मेसेज तिने मला पाठवला. 'यशस्वी लीडरचं रहस्य : भावनिक बुद्धिमत्ता', वर उगवत्या सूर्याचा फोटो, खाली पाच मुद्दे. माझ्याकडे तो याआधी तीन ग्रुपांतून आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता पुसून टाकला होता. आता वाचलाय, आणि उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

'यशात आयक्यूचा वाटा २० टक्के, ईक्यूचा ८० टक्के, हे सिद्ध झालंय.' अजिबात झालेलं नाही. हा आकडा आला डॅनियल गोलमन यांच्या 'इमोशनल इंटेलिजन्स' या १९९५ च्या पुस्तकातून, तोही मोडतोड होऊन. त्यांनी लिहिलं होतं की आयुष्यातल्या यशात बुद्ध्यांकाचा, म्हणजे आयक्यूचा, वाटा फार तर २० टक्के, बाकीचं इतर गोष्टींवर अवलंबून. त्या इतर गोष्टींत माणूस कोणत्या सामाजिक थरात जन्मला हे आलं, नशीबही आलं. ते सगळं गाळून अख्खे ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यात कुणी टाकले देव जाणे. पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हाच्या आवृत्तीत खुद्द गोलमन यांनीच हा अर्थ चुकीचा असल्याचं सांगितलं. त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली, मेसेज मात्र फिरतोच आहे.

'डावा मेंदू तर्काचा, उजवा भावनांचा.' यावर वेळ घालवत नाही. मेंदूची अशी सरळ वाटणी नसते. विचार करताना आणि भावना अनुभवताना दोन्ही बाजू कामाला लागतात.

'भावनिक बुद्धिमत्तेचा शोध गोलमन यांनी लावला.' नाही. ते मानसशास्त्र शिकलेले पत्रकार, त्यांनी कल्पना घराघरांत पोचवली. तिची शास्त्रीय मांडणी मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० च्या निबंधात केली होती. स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक जाणायचा आणि त्यातून मिळालेली माहिती विचार करताना, वागताना वापरायची, अशी ती मांडणी. यातला 'माहिती' हा शब्द लक्षात ठेवा. माणूस चिडलाय म्हणजे काहीतरी बिनसलंय, ही माहिती आहे.

आता ज्या मुद्द्यावरून भाची रडली तो. 'हाय ईक्यू असलेली व्यक्ती कधीही तक्रार करत नाही. ज्याच्या टीममधून तक्रारी येत नाहीत, चुका दिसत नाहीत, तोच खरा लीडर.'

झालं होतं असं. त्यांच्या वॉर्डात इंजेक्शनच्या ट्रॉलीवर एकाच ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्यूल, म्हणजे औषधाच्या छोट्या बंद कुप्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्ही प्लास्टिकच्या, पारदर्शक, एकाच मापाच्या, लेबलवरची अक्षरं बारीक. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर लागतं. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. पहाटे चार वाजता, तीस बेडना दोघीच ड्यूटीवर असताना, हिच्या हातात चुकीची ॲम्प्यूल आली. तोडायच्या आधी तिने लेबल वाचलं म्हणून निभावलं. सकाळी ड्यूटी बदलताना, हँडओव्हरमध्ये, तिने सांगितलं की या ॲम्प्यूल वेगळ्या ठेवा आणि नाईटला तिसरी नर्स द्या. आवाज चढला होता, हे ती स्वतःच कबूल करते. इन्चार्जकडून उत्तर मिळालं, "सारखं निगेटिव्ह बोलू नकोस, टीमचं वातावरण बिघडतं." दुपारी ग्रुपवर हा मेसेज.

तीव्र पोटॅशियम क्लोराइड वॉर्डात उघडं ठेवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणजे पोरगी बरोबर बोलत होती. ते सांगताना तिचा आवाज चढला, तर चुकलं कुणाचं?

आणि 'चुका दिसत नाहीत तो चांगला लीडर' याचं उत्तर तर हॉस्पिटलांतूनच आलेलं आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी आठ वॉर्डांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे नेतृत्व चांगलं, जिथे माणसं मिळून काम करतात, तिथे चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर कळलं की तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती वाटत नव्हती. जिथे इन्चार्जची धास्ती होती, तिथे चुका झाकल्या जात होत्या. कागदावर तो वॉर्ड स्वच्छ दिसायचा. आपला हा मेसेज त्याच स्वच्छ कागदाला नेतृत्व म्हणतोय, आणि म्हणूनच मला तो धोकादायक वाटतो. ऑफिसात तक्रार दाबली तर फाइल अडेल. वॉर्डात दाबली तर बेडवरचा माणूस जातो.

शेवटचा मुद्दा, 'समोरच्याच्या भावना ओळखणारा लीडर माणसं टिकवतो', यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. अनेक अभ्यास एकत्र करून जोसेफ आणि न्यूमन या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की ज्या कामांत सतत माणसांच्या भावनांशी गाठ पडते, तिथे भावना ओळखण्या-हाताळण्याच्या क्षमतेचा उपयोग होतो. नर्सिंग अगदी तसंच काम आहे. पण सगळ्याच कामांत तो होतो असं त्यांना आढळलं नाही. आणि ही क्षमता इन्चार्जमध्येही हवी की नको? रात्रभर उभी राहिलेली, हात थरथरणारी मुलगी समोर बोलत असताना तिच्या आवाजातली भीती ओळखता आली असती, तर ट्रे पाच मिनिटांत रिकामा झाला असता. त्या बाई दुष्ट नाहीत. त्यांनाही वरून 'कंप्लेंट नकोत' हेच ऐकावं लागत असणार. पण तो ताण खाली ढकलायला भावनिक बुद्धिमत्तेचं नाव कशाला?

भाचीला मी सांगितलं की तोंडी बोलू नकोस, तारीख, वेळ घालून इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे घडल्या प्रकाराची लेखी नोंद, लिही आणि प्रत स्वतःकडे ठेव. तिने लिहिलाय. काल विचारलं तर म्हणाली, ट्रे अजून तिथेच आहे. तिने घरून लाल चिकटपट्टी नेली आणि पोटॅशियमच्या एकेका ॲम्प्यूलला गुंडाळली, ड्यूटी सुरू व्हायच्या आधी.