तळपायांची आग मेंदीने जाते का?

उन्हाळा लागला की घरोघरच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: 'तळपायांची आग म्हणजे अंगात साठलेली उष्णता. रात्री मेंदीचा लेप लावा. रंग जितका गडद, तितकी उष्णता बाहेर पडली. परदेशात सिद्ध झालंय. अपाय शून्य, गोळ्या बंद करा.' मेंदीने गार वाटतं, एवढं खरं. बाकीचं तपासून पाहू.

रंगाचा उष्णतेशी संबंध नाही. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य कातडीतल्या केराटिनला चिकटतं. टाचेची कातडी जाड, म्हणून तिथे रंग जास्त चढतो. आग होत नसलेल्या पायावरही तसाच चढेल. गारवा येतो तो ओल्या लेपातलं पाणी उडून जाताना.

'परदेशात सिद्ध' म्हणतात त्यामागे एक खरा अभ्यास आहे, तुर्कस्तानातला, २००८ सालचा. पण त्यातले रुग्ण कर्करोगाचे होते. कॅपेसिटाबिन या औषधाने त्यांच्या हातापायांची कातडी लाल होऊन जळजळत होती. मेंदीने त्यांना बरं वाटलं. मात्र रुग्ण अवघे १० आणि तुलनेला मेंदी न लावलेला गटच नव्हता. मधुमेही आजोबांच्या पायांबद्दल यातून काहीच कळत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते 'साठलेली उष्णता' हे निदान. १९४६ साली पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी तळपायांची आग होणाऱ्या भारतीय रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा निकृष्ट आहारातून आलेली ब गटातल्या जीवनसत्त्वाची कमतरता पुढे आली. आज अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये मधुमेहाने बिघडलेल्या नसा आणि बी-१२ची कमतरता ही नेहमीची कारणं असतात. बी-१२ दीर्घकाळ कमी राहिलं तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं, म्हणून लेपात घालवलेले महिने महागात पडतात.

मधुमेही पायाचा आणखी एक धोका आहे. पायाला स्पर्श कळतो का ते बघायला डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा पायाच्या अंगठ्याला टेकवतात. रात्रभर पाय जळतात म्हणणाऱ्यालाही कधी कधी तो स्पर्श कळत नाही. असा माणूस चप्पल लागून आलेला फोड डोळ्यांनी बघूनच ओळखणार. तळव्यावर लालसर तपकिरी रंग असेल तर सुरुवातीची लाली दिसणार कशी?

'अपाय शून्य' हेही खोटं. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, तांबड्या पेशी मेंदीने फुटल्याची उदाहरणं आहेत. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन असतं. त्याने कातडीवर फोड येतात.

गोळ्या तर मेसेज वाचून मुळीच बंद करू नका. साखर, बी-१२, थायरॉइड आणि किडनीची तपासणी करून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती किती वर्षं घेताय ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिने बी-१२ कमी होऊ शकतं.