बिल्ल्यावरची तुकडी आणि सैनिकाचा शोध

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकाच्या ओळखबिल्ल्यावर जी तुकडी असते, तिच्यासोबतच तो लढला व पडला, असे एका लेखात गृहीत धरलेले वाचले. हे तपासून पाहायला हवे, कारण बिल्ल्यावर बहुधा तो ज्या तुकडीने दिला तिचेच नाव असते आणि पुढे बदली झाली तरी अनेकदा तोच बिल्ला गळ्यात राहत असे. त्यावर ‘एर्स.’ अशी अक्षरे दिसली, तर ती ‘एर्झात्स’ची, म्हणजे भरती व प्रशिक्षणाच्या राखीव तुकडीची खूण आहे.

या लंबगोल बिल्ल्यावर सैनिकाचे नाव नसते. तुकडी, अनुक्रमांक आणि बहुतेकदा रक्तगट एवढेच, तेही मधल्या चिरांच्या वर आणि खाली दोनदा ठोकलेले असते. सैनिक मेला की खालचा तुकडा मोडून घेत आणि वरचा देहासोबत ठेवत. क्रमांकाचे नाव होते ते याद्यांमुळे. तुकड्या त्या याद्या १९३९ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या माहिती कार्यालयाकडे पाठवत. ते दप्तर २०१९ पासून जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे आहे आणि खरी चौकशी तिथेच करावी लागते.

म्हणूनच अखंड बिल्ला अवशेषांसोबत सापडला, तर तो उचलून विकणे मला अक्षम्य वाटते. ज्याच्या मृत्यूची नोंदच झाली नसेल, त्याचे नाव कळण्याचा बहुधा तेवढाच मार्ग उरलेला असतो.