खणायच्या आधी एक फोन करता येत नाही का रे तुम्हाला

आज परत. सकाळी सव्वासातला कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस गेला, कणीक मळलेली तशीच, पोराची बस साडेसातची, आणि खालून वॉचमन दारं बडवत वर येतोय, बेल वाजवू नका, लाईटचं बटण दाबू नका, गेटबाहेर गॅस लीक झालाय. घोडबंदर रोडला राहतो म्हणजे खोदकाम नशिबातच, पण दोन महिन्यांत ही तिसरी वेळ आहे हो!

खाली गेले तर गटाराच्या चरात जेसीबीने पिवळा पाईप फाडलेला, जोरात फुसफुस आवाज आणि तो कुजका वास (गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात), आणि दहा पावलांवर मुकादम कानावर बिडी अडकवून उभा. म्हणे ताई, इथे लाईन आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. अरे बाबा, गॅसची लाईन असल्याची वॉर्निंगवाली पट्टी फाटून तुझ्याच बकेटला लोंबतेय, ती काय तोरण म्हणून पुरली होती?

आणि सांगायला कोण पाहिजे होतं? २२ मार्च २०२३ ला केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं, ते याच्यासाठीच ना, खणणाऱ्याने आधी कळवायचं, ज्याची केबल नाहीतर पाईप असेल त्याने आपली लाईन कुठून जाते ते सांगायचं. सुपरवायझरला विचारलं तर माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही मी त्याला वर्गणी मागतेय.

मग बसले फोन करत. एका ऑफिसने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने गॅस कंपनीचा, गॅसवाले म्हणतात पाईप आम्ही जोडू पण जेसीबी आमचा नाही, आणि खरी मेख इथेच आहे. देखरेखीला माणसं कमी आहेत असं नाही. २००६ च्या कायद्याने झालेलं पीएनजीआरबी, म्हणजे गॅस पाईपलाईनवर लक्ष ठेवणारं बोर्ड, दिल्लीत आहे, एक्स्प्लोझिव्ह आणि पेट्रोलियमची सेफ्टी बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरात, शिवाय ऑइल इंडस्ट्रीच्या सेफ्टीसाठी ओआयएसडी वेगळं. पाईप किती खोल पुरायचा, ऑडिट कधी, इमर्जन्सी प्लॅन काय, सगळं लिहिलेलं आहे. पण ते सगळं पाईपवाल्यासाठी. वरून फावडं मारणारा भलत्याच्याच टेंडरवर, त्याच्या डोक्यावर यातलं कोणीच उभं नसतं.

सोसायटीच्या ग्रुपवर एक काका लिहितात, अहो एवढं काय, संध्याकाळपर्यंत येतो की गॅस. काका, आंध्रात नगरमला २७ जून २०१४ च्या पहाटे लाईन फुटली आणि वीसपेक्षा जास्त माणसं जळून मेली. ती मोठी लाईन होती, गंजलेली, आपल्या गल्लीतली तेवढी दाबाची नाही, मान्य. पण तिथलेही लोक आधीपासून सांगत होते वास येतोय म्हणून.

पावणेपाचला गॅस आला. ग्रुपवर हात जोडलेले इमोजी, थँक्यू टीम, झालं, विषय संपला. पोरगा दुपारी वेफर्स खाऊन झोपला ते कोणाला काय.

आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि खाली तोच जेसीबी परत सुरू झालाय, त्याच चरात, पाच फूट पुढे. लाईन दाखवायला कोणी आलेलं गॅलरीतून तरी दिसत नाहीये, मुकादम तेवढा आहे. मी आपली उद्याची भाजी आत्ताच करून ठेवतेय.