मोडेम त्यांचा, राउटर आमचा

आमच्या इमारतीच्या भिंती मिव्हानच्या आहेत. ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बघत फिरलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. या बांधकामात विटा नसतात. ॲल्युमिनियमच्या साच्यात सळया बांधून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. सेल्स ऑफिसातला टायवाला मुलगा भिंतीवर थाप मारून सांगत होता, ‘सर, भूकंप आला तरी तडा जाणार नाही.’ वाय-फाय आलं तरी आरपार जाणार नाही, हे त्याने सांगितलं नाही. इथे कॅलेंडर टांगायचं तर ड्रिलवाल्याला बोलवावं लागतं, तिथे बिचाऱ्या रेडिओलहरींची काय कथा!

मोडेम आमच्या हॉलमध्ये, दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर बसलेला. केबलचा डक्ट दाराबाहेर आहे आणि केबलवाल्या पोराच्या बंडलातली तार तिथपर्यंतच पुरली. सोसायटीत प्रोव्हायडर एकच, त्यामुळे दुसऱ्याकडे जातो अशी धमकी द्यायची सोय नाही. मोडेममध्येच कंपनीने वाय-फाय घालून दिलेलं. हॉलमध्ये त्याच्या सगळ्या रेघा, स्वयंपाकघरात एखाद-दुसरी आणि आईच्या खोलीत नुसतं उद्गारचिन्ह.

आईची मालिका मोबाइलवर असते. ‘अरे, ते गोल फिरतंय बघ’ ही तिची रोजची तक्रार. शेवटी तिने स्वतःच फोन हातात धरून घरभर फिरून एक जागा हुडकून काढली, फ्रिज आणि खिडकी यांच्या मधली. तिथे स्टूल टाकून ती बसते. बायकोला फ्रिजमधून कोथिंबीर काढायची असली की आईला उठावं लागतं, आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावर कुणाचं तरी लग्न मोडत असतं. सासू-सुनेच्या मालिकेवरून घरात सासू-सुनेचं होऊ नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

भाचा ऐरोलीला आयटीत आहे. तो म्हणाला, ‘मामा, त्यांच्या डब्याचं वाय-फाय बंद कर आणि स्वतःचा चांगला राउटर घे. मोडेमला फक्त मोडेमचंच काम करू दे.’

हे वाक्य ऐकायला इतकं सोपं होतं की मी लगेच हो म्हटलं.

आता थोडं शास्त्र, कारण पुढच्या सगळ्या छळाचं मूळ त्यात आहे. केबलची ती जाड काळी तार मुळात टीव्हीसाठी टाकलेली. चित्रं तिकडून इकडे यायची, प्रेक्षकाला उलट बोलायची मुभा नव्हती. १९९७ मध्ये ‘डॉक्सिस’ हे मानक ठरलं आणि त्याच तारेतून घरातलं यंत्र कंपनीशी दोन्ही बाजूंनी बोलू लागलं. हे बोलणारं यंत्र म्हणजे मोडेम. राउटरचं काम त्याच्या पुढचं : आलेलं एक कनेक्शन घरातल्या फोन, लॅपटॉप, टीव्हींना वाटून द्यायचं आणि कुणाचं उत्तर कुणाकडे पाठवायचं ते लक्षात ठेवायचं. कंपनी ही दोन्ही कामं एकाच डब्यात कोंबून देते. डबा त्यांचा, डिपॉझिट आपलं. आणि तो किती त्यांचा असावा? केबल मोडेम चालू केला की दर वेळी आधी कंपनीच्या सर्व्हरवरून एक कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घेतो. वेग किती द्यायचा, किती यंत्रांना पत्ता द्यायचा, सगळं त्या फाइलीत. वीज आपली, कपाट आपलं, खालच्या चपलाही आपल्याच. हुकूम मात्र वरून.

गोखले रोडवरच्या दुकानात राउटर घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, ‘घर किती बीएचके?’ टू म्हटल्यावर त्याने चार अँटेनांचा काढला. ‘मिव्हान आहे हो,’ म्हटलं, तर मुकाट्याने तो आत ठेवून सहा अँटेनांचा काढला. यापलीकडे त्याने मला तांत्रिक मार्गदर्शन केलं नाही. घरी आईने राउटर उलटसुलट करून पाहिला आणि रुमाल वाळत घालायला या काड्या बऱ्या आहेत, असं मत दिलं.

मोडेममधून निघालेली लॅनची वायर राउटरच्या निळ्या पोर्टात खोचली. नेट नाही. कारण दोन्ही डब्यांना आपला पत्ता १९२.१६८.१.१ हाच आहे असं वाटत होतं. यात त्यांचा दोष नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ मध्ये घरगुती आणि खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, त्यामुळे घोडबंदर रोडपासून ग्वाटेमालापर्यंत लाखो घरांत हाच पत्ता आहे. घराघरात एक असला तर चालतो, एका घरात दोन झाले की भांडण. राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ केला आणि आईच्या खोलीत मालिका लागली. आईने स्टूल उचलून आत नेलं. इथेच थांबायला हरकत नव्हती.

पण मुलगी म्हणाली, ‘बाबा, गेममध्ये माझ्या मैत्रिणींना जॉइन होता येत नाहीये.’ भाच्याने निदान केलं : डबल नॅट. कुणाचं उत्तर कुणाकडे पाठवायचं हे राउटर लक्षात ठेवतो, त्याला नॅट म्हणतात, आणि आमच्याकडे ते दोनदा होत होतं.

डबल नॅट ठाणेकराला समजायला वेळ लागत नाही. सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन, विंगच्या दाराशी दुसरा. दोघांकडे वही. घरातला माणूस बाहेर जाताना दोघंही नोंद करतात, म्हणून तो परत आला की त्याला नीट घरी पोचवतात. पण बाहेरून कुणी न सांगता आलं, तर गेटवरचा म्हणतो विंगला विचारा, विंगवाला म्हणतो गेटवरून फोन आला नाही, आणि पाहुणा मिठाईचा बॉक्स घेऊन मध्येच उभा. मोडेममधला राउटर हा गेटवरचा वॉचमन आणि माझा सहा अँटेनावाला विंगचा. उपाय एकच : मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाकायचं. म्हणजे गेटवरच्याची वही काढून घ्यायची आणि त्याला सांगायचं, तू फक्त गेट उघडं ठेव.

मोडेमच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर लॉगिन आणि पासवर्ड होता. आत शिरलो. ग्राहकाला तिथे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलायची परवानगी आहे. ब्रिज मोडचं पान कंपनीच्या वेगळ्या पासवर्डमागे. म्हणून कस्टमर केअर. मराठीसाठी दोन दाबलं, मग एक दाबलं, मग चार दाबलं आणि शेवटी हिंदी बोलणारे एक सद्गृहस्थ आले. ब्रिज मोड म्हणजे काय, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते कुणाला तरी समजावून सांगितलं. मग तिकडून निरोप आला की टेक्निशियन येईल. कधी येईल, हे वेळापत्रकात नसतं. तो फोन न करता येतो आणि आल्यावर ‘तुम्ही फोन उचलला नाही’ म्हणतो.

आला तो पोरगा मात्र हुशार निघाला. तारेचं वरचं आवरण दातांनी सोलून त्याने आधी टोकाचा कनेक्टर नवा बसवला. ढिल्या कनेक्टरमधून बाहेरचा कचरा आत शिरतो आणि केबलवर अपलोडचा पट्टा खालच्या फ्रिक्वेन्सीत असल्याने त्याला तो आधी बाधतो, हे त्याचं म्हणणं पुस्तकी बरोबर होतं. आईने त्याला पाणी दिलं, चिवडा दिला, ‘बाळा, लग्न झालं का?’ विचारलं. त्याने चिवडा खात खात मोडेमला ब्रिजमध्ये टाकलं, स्वतःचा लॅपटॉप थेट जोडून तपासलं, ‘नेट आलं काका’ म्हणाला आणि माझी सही घेऊन गेला.

लॅपटॉप काढून माझा राउटर जोडला. नेट गेलं.

प्रत्येक यंत्राला मॅक ॲड्रेस नावाचा स्वतःचा क्रमांक असतो. एकच यंत्र जोडायची परवानगी असलेला केबल मोडेम सुरू झाल्यावर ज्याला पहिल्यांदा भेटतो, त्याचा क्रमांक मनात धरून बसतो आणि दुसऱ्या कुणाला दाद देत नाही. आमचा मोडेम त्या पोराच्या लॅपटॉपवर निष्ठा वाहून बसला होता आणि तो लॅपटॉप एव्हाना स्कूटरवरून कासारवडवलीच्या दिशेने गेला होता. यावर दोन उपाय. राउटरमध्ये त्या लॅपटॉपचा क्रमांक क्लोन करायचा, किंवा मोडेम बंद करून परत चालू करायचा, म्हणजे त्याची स्मृती जाते. दुसरा उपाय सोपा म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं. चहा झाला. बटण चालू केलं. मोडेम अजूनही त्या पोराच्याच आठवणीत. परत बंद केलं, आणि तेव्हा बायकोचं लक्ष गेलं : बटण बंद असूनही मोडेमचे दिवे जळतायत. वीज गेली तर आईची मालिका जाऊ नये म्हणून मुलीने मोडेमला एक छोटा यूपीएस लावून दिला होता, चपलांच्या मागे. मोडेम बंद झालाच नव्हता, तर विसरणार काय? यूपीएस उपटला आणि नेट आलं.

मुलीच्या मैत्रिणी तरीही येईनात. कारण तिसरा वॉचमन. हा कंपनीच्या दारात, म्हणजे थेट माजिवड्याच्या नाक्यावर म्हणा. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या एकाच खऱ्या पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात, आणि त्या मधल्या मजल्यासाठी १००.६४ ने सुरू होणारे वेगळे पत्ते २०१२ मध्ये राखून ठेवलेत. माझ्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ चाच होता. स्वतःचा स्वतंत्र पत्ता हवा असेल तर महिन्याला जादा पैसे. मुलीला सांगितलं, ‘मैत्रिणींना घरीच बोलव.’

पुढे वेगाचा मुद्दा निघाला. प्लॅन दोनशे एमबीपीएसचा आणि टेस्टमध्ये आकडा चौऱ्याण्णवच्या वर हलेना. फोन केला आणि ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं : ‘सर, राउटर कंपनीचा आहे की तुमचा?’

माझा, म्हटलं. पलीकडे सुटकेचा निःश्वास ऐकू आला. ‘मग प्रॉब्लेम राउटरचा आहे, सर.’

स्वतःचा राउटर घेताना दुकानदार हे सांगत नाही. डबा पूर्णपणे कंपनीचा असतो तोवर बिघाड कुणाचाच नसतो. ‘एरिया में काम चालू है’ यावर भागतं. तुम्ही स्वतःच्या पैशाने एक वस्तू मध्ये आणून ठेवली की झालेला आणि होणारा प्रत्येक बिघाड सातबाऱ्यासकट तुमच्या नावावर चढतो.

चौऱ्याण्णव या आकड्याचा मात्र भाच्याला लगेच वास आला. शंभरच्या जुन्या लॅन पोर्टवर हातात एवढंच पडतं. पण दोन्ही डब्यांचे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे हजारचे होते, मग शंका मधल्या वायरीवर. ती केबलवाल्या पोराने बंडलातून कापून दिलेली. प्लगमध्ये वाकून पाहिलं, तर आठ तारांपैकी चारच टोचलेल्या. शंभरला चार तारा पुरतात, त्याच्या वर जायचं तर आठही लागतात. बाकीच्या चार त्याने काटकसरीने मागे कापून टाकल्या होत्या. दुकानातून आठ तारांची तयार वायर आणली आणि आकडा एकशे नव्वदच्या पुढे गेला. हे मी कस्टमर केअरला आवर्जून कळवलं. त्यांनी ‘राउटरची समस्या सुटली’ अशी नोंद करून तक्रार बंद केली.

अमेरिकेत म्हणे याच्यावर ताण होती. तिथे डब्याचं महिन्याला भाडं घेतात, आणि काही ठिकाणी ग्राहक स्वतःचा डबा लावत असला तरी भाडं घ्यायचे. कंपनीने न दिलेल्या वस्तूचं भाडं घेऊ नये, यासाठी २०१९ मध्ये तिथल्या काँग्रेसला कायदा करावा लागला, आणि तो लागू व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडला. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपण एकटे नाही आहोत.

मध्यंतरी एका सकाळी आई पुन्हा फ्रिजपाशी दिसली. रात्रीतून कंपनीने मोडेमवर दुरून काहीतरी नवं चढवलं होतं, त्यात ब्रिज मोड उडाला आणि जुनं वाय-फाय जागं झालं. आईच्या फोनला जुनी ओळख आठवली आणि तो त्यालाच जाऊन चिकटला. पुन्हा तिकीट, पुन्हा तोच पोरगा. या वेळी आईने त्याच्यासाठी एक स्थळ काढून ठेवलं होतं. तेव्हापासून तो फोन करून येतो.

आणि मग एका दुपारी सगळंच बंद. राउटरचा दिवा लाल, मोडेमचा ‘ऑनलाइन’चा दिवा लुकलुकत राहिलेला, म्हणजे तारेत सिग्नलच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या विंगांमधून ‘एनीवन फेसिंग नेट इश्यू?’ सुरू झालेलं. खिडकीतून पाहिलं, तर सर्व्हिस रोडवर पोकलेन खणत होता आणि त्याच्या दातांना आमची काळी तार लोंबत होती. काम कशाचं होतं ते माहीत नाही. घोडबंदर रोडला असं विचारायची पद्धत नाही. तरी तक्रार क्रमांक असलेला बरा म्हणून फोन लावला. या वेळी चक्क मराठी बोलणाऱ्या ताई मिळाल्या. त्यांनी माझं रेकॉर्ड उघडलं.

‘सर, तुम्ही स्वतःचा राउटर वापरताय असं दिसतंय. तो एकदा काढून बघता का?’

‘काढतो की,’ म्हटलं. ‘पण ताई, खालचा पोकलेनही माझ्याच नावावर आहे का, तेवढं सिस्टिममध्ये बघून सांगा.’

ताईंनी मला होल्डवर ठेवलं.