‘करायचं आहे’ म्हणा आणि निवांत बसा

काम न करता कर्तव्यदक्ष दिसायचंय? मग व्यवस्थापनाच्या शिबिरांवर पैसे घालवू नका, लॅटिनमधलं जेरंडिव्ह शिका. धातूचं वर्तमानकाळी अंग घ्या, त्याला लिंगाप्रमाणे ‘-न्दुस’, ‘-न्दा’ किंवा ‘-न्दुम’ असं शेपूट लावा. झालं विशेषण! अर्थ : ‘जे केलं गेलं पाहिजे ते’. कोणी करायचं, असं विचारणारा व्याकरणात कच्चा समजावा. (जेरंडशी मात्र गल्लत नको. ते नाम, त्यात निदान क्रिया तरी घडते.)

गुरू हवा असेल तर थोरला केटो. रोमच्या सिनेटमध्ये विषय कुठलाही असो, याचं शेवटचं पालुपद ठरलेलं : ‘कार्थागो देलेन्दा एस्त’, कार्थेज नष्ट केलंच पाहिजे. रोमच्या या वैरी शहराचं नाव स्त्रीलिंगी, म्हणून ‘देलेन्दा’. गाव जाळायचं असलं तरी लिंग चुकू नये. आता या वाक्यात करणारा शोधून दाखवा! केटो इ.स.पू. १४९ मध्ये, युद्धाला तोंड फुटतंय तोवर वारला. कार्थेज पडलं १४६ मध्ये. शिवाय हे तीन शब्द नेमके याच रूपात जुन्या ग्रंथांत सापडत नाहीत. म्हणजे लढाई दुसऱ्यांनी केली, वाक्यही दुसऱ्यांनीच घडवून दिलं, आणि नाव केटोचं. असं जमलं पाहिजे.

कुणी फारच खोदून विचारलं, तर कर्त्याला चतुर्थीत बसवा : ‘मिही एपिस्तुला स्क्रिबेन्दा एस्त’, मला चिठ्ठी लिहायची आहे. बघा, आपल्याकडेही हाच थाट. निबंध लिहायचा, चिठ्ठी लिहायची, पत्र लिहायचं. क्रियापद कामाच्या तालावर नाचतं, आणि करणारा ‘ला’ लावून बाजूला बसतो. उलट आपण सरस. ‘लिहायची आहे’ ही सक्ती की हौस, हेसुद्धा मराठी गुलदस्त्यात ठेवते. लॅटिन बिचारी सक्तीवरच अडली.

पुढच्या सभेत अजेंडा वाटा. शब्द मूळचा अनेकवचनी, ‘करायच्या गोष्टी’. उरलेल्यांचं मेमोरँडम, म्हणजे ‘लक्षात ठेवायचं ते’, करून फाइलला लावा.

संस्कृतचे ‘तव्य’ आणि ‘अनीय’ हे प्रत्यय याच कुळातले. म्हणून पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावाआधी ‘माननीय’ छापताना बिचकू नका. मान अजून द्यायचाय, एवढंच तुम्ही म्हणताय.