‘एक पास काढा आणि बाल्कन फिरा’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. नवरा-बायकोने स्वस्तात युरोप करायचा तर पॅरिस-स्वित्झर्लंड सोडा, युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातले बाल्कन देश गाठा. युरेलचा, म्हणजे युरोपभरच्या रेल्वेत चालणारा, एक पास काढा, क्रोएशियातल्या झाग्रेबपासून इस्तंबूलपर्यंत एका गाडीतून उतरून दुसरीत बसा, रात्री गाडीत झोपून हॉटेल वाचवा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा असला की सगळे दरवाजे उघडे, आणि खिशात युरो असले की झालं. बाल्कन स्वस्त आहे आणि दोघांनी रेल्वेने फिरावं असाच आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो ज्यामुळे स्वस्त पडतो, त्यातलं एकही कारण या मेसेजमध्ये नाही.

आधी पास. महिन्याभरात कुठलेही 4 दिवस प्रवास करू देणारा युरेलचा ग्लोबल पास, दुसऱ्या वर्गाचा, सवलत नसेल तर माणशी अडीचशे युरोंच्या पुढे जातो. म्हणजे प्रवासाच्या एका दिवसाला साठ-सत्तर युरो. आता सर्बियाची राजधानी बेलग्रेड ते माँटेनेग्रोचं बंदर बार हा अर्ध्या दिवसाचा लांबलचक प्रवास घ्या. खिडकीवर त्याचं तिकीट 25 युरोंच्या आसपास मिळतं. बल्गेरियातली सेप्तेम्व्री ते दोब्रिनिश्ते ही 760 मिलिमीटर गेजची (म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढंच अंतर असलेली) छोटी गाडी 125 किलोमीटरला पाचेक तास घेते, 1,267 मीटरवरच्या आव्रामोवो स्टेशनात चढते आणि तिकिटाचे घेते मोजके युरो. तिच्यावर पासचा एक दिवस कोण जाळणार? वर पास असला तरी बर्थचे पैसे वेगळे मोजावे लागतात ते लागतातच. जर्मनी-फ्रान्समध्ये पास उपयोगी पडतो, कारण तिथलं सुटं तिकीट महाग आहे. इथे सुटं तिकीटच स्वस्त, आणि बचत तिथेच आहे.

‘एका गाडीतून उतरा, दुसरीत बसा’ हे तर ज्याने नकाशा पाहिला पण वेळापत्रक पाहिलं नाही त्याचं वाक्य. रूळ आहेत, गाड्या नाहीत. युगोस्लाव्हिया फुटला तशी एका देशाची रेल्वे अनेक देशांत वाटली गेली आणि पूर्वीच्या साध्या स्टेशनांवर सीमा उभ्या राहिल्या. बेलग्रेड–सारायेवो गाडी 2012 पासून नाही. झाग्रेब–बेलग्रेड 2020 मध्ये कोविडच्या वेळी थांबली ती थांबलीच. बेलग्रेड ते सोफियाही थेट गाडी राहिलेली नाही. अल्बानियात तर प्रवासी रेल्वे जवळपास संपली. तिरानाचं स्टेशन 2013 मध्येच पाडलं. त्यामुळे या भागात देश ओलांडायचा म्हणजे बहुतेक वेळा बस. त्यात काही कमीपणा नाही, फक्त हिशेबात धरा. सामानाच्या डिकीचे एक-दोन युरो ड्रायव्हर रोख मागतो, आणि सर्बियाच्या बसस्टँडवर फलाटावर जायचंही वेगळं तिकीट असतं, ‘पेरॉन्स्का कार्ता’. ते नसेल तर हातात बसचं तिकीट असूनही फाटकापाशी अडकाल.

मग रेल्वे कुठे? देशाच्या आत, आणि उरलेल्या मोजक्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर. बेलग्रेड–नोवी साद 2022 पासून ताशी 200 किलोमीटरने धावतं, त्यामुळे ‘तिकडे सगळं भंगार’ हेही खरं नाही. पण दोघांनी एकच मार्ग करायचा म्हणाल तर मी बेलग्रेड–बारच सांगेन. 1976 मध्ये सुरू झालेली 476 किलोमीटरची लाइन, 254 बोगदे, मधेच 9 किलोमीटर बोस्नियातून जाऊन परत सर्बियात. कोलाशिनला गाडी 1,032 मीटरवर असते आणि तिथून मोराचा नदीच्या खोऱ्याच्या कडेकडेने माँटेनेग्रोच्या राजधानीला, पोद्गोरित्साला, जवळजवळ समुद्रसपाटीला, उतरते. उतारावर माला रियेकाचा पूल लागतो, 198 मीटर उंचीचा. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल 64 मीटर, त्याच्या तिप्पट.

आणि नेमकी हीच गाडी फॉरवर्डवाले रात्री पकडायला सांगतात! दिवसाची गाडी फक्त उन्हाळ्यात असते, रात्रीची वर्षभर. रात्री निघालात तर सर्बियाचा डोंगराळ भाग अंधारात जातो, आणि हिवाळ्यात पूलही. नाइलाजाने रात्रीची घेतलीच, तर नंतर पोद्गोरित्साहून कोलाशिनला दिवसाच्या लोकल गाडीने जाऊन या. पैसे किरकोळ, देखावा तोच.

रात्री झोपून हॉटेल वाचवण्याचं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे सोफिया–इस्तंबूल. बर्थ बरा असतो, चादर-उशी मिळते. पण मध्यरात्र उलटली की कापिकुले येतं. तुर्कीची हद्द. सगळ्यांनी गाडीतून उतरायचं, बॅगा घेऊन. फलाटावर पासपोर्टची रांग, मग सामानाचं स्कॅनिंग, मग परत वर. थंडीत झोपमोड करून उभं राहायची तयारी असेल तर जरूर जा, मजा आहे. हॉटेलातली झोप म्हणून मोजू नका. सकाळी गाडी इस्तंबूलच्या कडेला हाल्कालीला सोडते, शहरातल्या जुन्या सिर्केजी स्टेशनात नाही. पुढे मारमाराय लोकल.

व्हिसाचा मुद्दा मात्र खरोखर महागात पडेल असा आहे. सर्बियाने भारतीयांना दिलेला व्हिसामुक्त प्रवेश 1 जानेवारी 2023 पासून बंद केला. शेंगेन व्हिसावर सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया करता येतात, पण तो अनेक प्रवेशांचा हवा. कारण क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, आणि बल्गेरिया-रोमानिया जानेवारी 2025 पासून पूर्णपणे. क्रोएशियातून बोस्नियात गेलात की शेंगेनबाहेर. सर्बियातून बल्गेरियात शिरताना पुन्हा आत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर सहल तिथेच संपली. अर्ज भरताना मार्गाचा कागद याच क्रमाने जोडा. तुर्कीसाठी वैध शेंगेन व्हिसावर ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेश, 30 दिवस.

राहिले युरो. क्रोएशिया, माँटेनेग्रो आणि 2026 पासून बल्गेरियात चालतात. सर्बियात दिनार, बोस्नियात मार्क, रोमानियात लेउ. गाडीत खाणं मिळेल या भरवशावर राहू नका, खाण्यापिण्याची बोगी बहुतेक गाड्यांना नसतेच. उरलेले दिनार सर्बिया सोडायच्या आधी पाणी-ब्रेडवर संपवा. मुंबई-पुण्यात ते सहसा कोणी बदलून देत नाही.