हळदीच्या पेटंटचा मेसेज पुढं पाठवू नका

"हळदीचं पेटंट अमेरिकेनं घेतलंय, जखमेवर हळद लावायलाही आता परवानगी लागणार, विकणाऱ्यावर केस होणार" असा मेसेज वसमत-हिंगोलीकडच्या ग्रुपवर परत फिरतोय. परवा मीही तो न तपासता पुढं पाठवला, चूक माझी. संध्याकाळी काकांचा फोन आला, "अरे, शिजवून अंगणात वाळत घातलेली हळद आता पॉलिशला न्यावी का नाही?" आवाजात खरोखरची काळजी होती. मग नीट वाचायला बसलो.

मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत 5401504 क्रमांकाचं पेटंट मिळालं होतं, हे खरं. पण ते हळदीच्या पिकावर नव्हतं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. आजी लावायची एवढं सांगून तिथं भागत नाही, छापील पुरावा लागतो. म्हणून संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने संदर्भ आणि 1953 चा एक वैद्यकीय शोधनिबंधही दिला गेला. 1997 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं त्या पेटंटमधले दावे फेटाळले, कारण त्यात नवं काही नव्हतं.

अमेरिकेतलं पेटंट तसंही भारतात लागू होत नाही. आपला पेटंट कायदाही पारंपरिक ज्ञानाला शोध मानत नाही. वसमतच्या हळदीचं जीआय मानांकन, म्हणजे मालाचं नाव त्याच्या भागाशी जोडणारी नोंद, ही तर पेटंटहून निराळीच गोष्ट.

काका, हळद खुशाल पॉलिशला न्या. आणि ज्यांना माझा मेसेज गेलाय त्यांनी तो डिलीट करून, जिथं पाठवला तिथं हा खुलासा टाकावा, ही हात जोडून विनंती.